सतरावं वाक्य

"सर, तुमास्नी कुठलं उत्तर पाह्यजे ते एकदा सांगून टाका," सर्जेराव म्हणाले. "म्हंजी तुमचाबी येळ वाचंल आन् माझाबी. उसाला पाणी सोडलंय."

शाहनवाजनं पेन खाली ठेवलं. दोन आठवड्यांत हे त्याला निदान दहाव्यांदा कुणीतरी म्हणत होतं.

"बरोबर-चूक असं काही नाही, सर्जेरावमामा. तुम्हाला जे वाटतं तेच सांगायचं."

"मला काय वाटायचंय? बाई आन् बाप्या समान. लिव्हा समदीकडं समान."

शाहनवाज अत्तार शिरूरचा. वय त्रेचाळीस. एमएसडब्ल्यू झाल्यापासून त्यानं सर्वेक्षणांचीच कामं केली होती. कधी पाण्याचं, कधी कुपोषणाचं, कधी संडासांचं. एक काम संपलं की दुसरं शोधायचं. आत्ताचं काम पुण्यातल्या एका संशोधन संस्थेचं होतं. स्त्री-पुरुष नात्याबद्दल पुरुषांना काय वाटतं हे मोजणारी चोवीस वाक्यांची एक प्रश्नावली होती. माणसाला एकेक वाक्य वाचून दाखवायचं आणि त्यानं सहमत, थोडं सहमत की असहमत ते सांगायचं. मूळ प्रश्नावली इंग्रजीतली. तिचं मराठी झालं होतं, पण ते मराठी शिरूर-दौंडच्या माणसांना लागू पडतं का, हे पाहणं शाहनवाजचं काम. म्हणून प्रत्येक उत्तरानंतर तो आणखी एक प्रश्न विचारायचा: "या वाक्यातून तुम्हाला काय समजलं?"

अडचण अशी होती की माणसांना सगळं समजत होतं. वाक्य कानावर पडताच ते कुठल्या सरकारी भिंतीवरचं आहे हे ओळखून ते उत्तर देत. सतरावं वाक्य तर सगळ्यात सरळ होतं: 'काही प्रसंगी पत्नीला मारहाण करणे योग्य असते.' तेहेतीस माणसांना त्यानं ते वाचून दाखवलं होतं. तेहेतीसही असहमत.

"मारहाण? छ्या!" सर्जेराव उठता उठता म्हणाले. "आमच्या घराण्यात कुणी पोलीस ठाण्याची पायरी चढलेलं न्हाई."

शाहनवाजनं चौतिसावी फुली मारली आणि फाट्यावर येऊन चौफुल्याच्या एसटीची वाट पाहत उभा राहिला. मान आखडली होती. एकाच दिवसात शिरूर ते न्हावरा आणि न्हावरा ते दौंड, आणि संध्याकाळी तेच उलटं. गाडीत जागा मिळाली तर झोप, नाही तर दांडीला धरून उभ्या उभ्या डुलकी.

प्रकल्पप्रमुख होत्या अनुपमा मॅडम. त्यांनाही ही तेहेतीस असहमतं खुपत होती. मागच्या बैठकीत त्यांनी शाहनवाजला एक जाड कागदांचा गठ्ठा दिला होता. मलेशियातल्या एका विद्यापीठानं हीच प्रश्नावली तिकडच्या मलय बोलणाऱ्या पुरुषांसाठी बदलून घेतली होती. त्यांनाही सुरुवातीला असंच सगळीकडं गोड गोड उत्तर मिळत होतं. मग त्यांनी काही वाक्यांतले शब्द बदलले आणि माणसं खरं बोलू लागली, असं त्यांच्या इंग्रजी अहवालात म्हटलं होतं. काय बदललं, ते मात्र मलय फॉर्ममध्येच होतं. ऑफिसातल्या मुलानं संगणकावर त्याचं भाषांतर काढलं, तर सतरावं वाक्य आलं: 'कधी कधी बायकोला शिकवावं लागतं.'

"हे साक्षरतेकडं कसं गेलं?" अनुपमा मॅडम चष्मा काढून डोळे चोळत म्हणाल्या होत्या. "मारहाणीचं वाक्यच काढून टाकलं की काय त्यांनी?"

गठ्ठा शाहनवाजच्या पिशवीत पडून राहिला.

दौंडला गोपाळवाडी रस्त्यावर सिद्दीक बागवान राहत. यादीतलं पस्तिसावं नाव. सत्तरीचा, हाडापेरानं मोठा माणूस, ओट्यावर लाकडी खुर्ची टाकून बसलेला. आत उंबऱ्याजवळ त्यांची बायको अमीरबी सुपात लसूण घेऊन सोलत बसली होती. बायकांनी शेजारी नसावं असा मुलाखतीचा नियम होता. पण घर दोन खोल्यांचं, आणि त्या बाईला ऊठ म्हणायची ताकद शाहनवाजमध्ये त्या दुपारी नव्हती.

नाव, वय, शिक्षण झालं. "आधी काय काम करत होता, चाचा?"

"अकरा वर्सं मलेशियात व्हतो. जोहोरला. पामतेलाच्या कारखान्यात."

शाहनवाजचं पेन थांबलं. "मग तिकडची भाषा येत असेल?"

"बोलाय येती. पाट्या वाचून वाचून वाचायबी आली. इंग्रजीचीच अक्षरं हाईत."

शाहनवाजनं आधी आपली चोवीस वाक्यं नियमाप्रमाणं पुरी केली. सतराव्याला सिद्दीकचाचा म्हणाले, "मारहाण? न्हाई. असहमत." पुढचंही सगळं आटोपलं. मग त्यानं पिशवीतून तो मलय फॉर्म काढला आणि सतराव्या ओळीवर बोट ठेवून त्यांच्यापुढं धरला.

चाचांनी कागद लांब धरला. "काडांग-काडांग... म्हंजी कवा कवा. इस्तेरी म्हंजी बायको. पर्लू, पाह्यजे. दि-आजार." ते थांबले आणि हसले. "आजार!"

"आजार? कुणाला?"

"आरं बाळा, आपला आजार न्हवं. तिकडं आजार म्हंजी शिकवणं. मास्तर पोरास्नी आजार करतो."

"म्हणजे बायकोला लिहायला-वाचायला शिकवणं?"

"मलाबी तसंच वाटलं व्हतं पयल्यांदा." चाचांनी कागद मांडीवर ठेवला. "आमचा एक फोरमन व्हता. एक दिवस सकाळी म्हणाला, काल बायकोला आजार केला. मी म्हटलं, वा, लई चांगलं काम केलंस, आता पुस्तकं वाचंल ती. समदा कारखाना हसाय लागला. मग एकानं मला हातानं करून दाखवलं." त्यांनी उजवा पंजा हवेत अर्धा फिरवला. "आपल्याकडं न्हाई का म्हणत, बायकोला वळण लावलं? आता वळण म्हंजी काय, घाटातलं वळण हाय का?"

शाहनवाजनं आपला फॉर्म उलटला आणि तिथं सावकाश एक वाक्य लिहिलं. मग वाचून दाखवलं.

"बायकोला वळण लावायला कधी कधी हात उचलावा लागतो."

सिद्दीकचाचांनी रस्त्याकडं नजर वळवली. एक मालट्रक गेला, धूळ बसली.

"हे बरूबर इचारलंस," ते म्हणाले. "मघाच्याला न्हाई म्हणाय मला कायबी वाटलं न्हाई. मारहाण म्हंजी दारू पिऊन काठीनं झोडपत्यात, ते. त्ये मी कवाच केलं न्हाई. पन ह्याला न्हाई म्हणलो तर खोटं व्हईल. लिव्ह, सहमत व्हतो. आता न्हाई. तवा व्हतो. एकदा उचलला व्हता मी हात."

"तीनदा," आतून अमीरबी म्हणाली.

तिनं मान वर केली नव्हती. लसणाची पाकळी सोलून तिनं वाटीत टाकली.

"एकदाच. तू कुरकुंभला भनीकडं न सांगता गेलतीस तवा."

"ती पयली. दुसरी पासपोर्टाची. पोरीनं त्याच्यावर पेनानं रेघोट्या वढल्या व्हत्या, आन् लक्ष न्हाई म्हणून मला."

चाचांनी थोडं आठवून पाहिलं. "व्हय. झाली आसंल ती."

"तिसरी तुमी मलेशियाला निघाला त्या सकाळची. मी रडत व्हते. गल्लीतली माणसं जमली व्हती. रडू नको म्हणून दिली."

"त्ये मला न्हाई आठवत, अमीर."

"तुमास्नी कशाला आठवंल? तुमी गाडीत बसून गेला." तिच्या आवाजात राग नव्हता. "दीड महिन्यानं शेजाऱ्याच्या घरी तुमचा फोन आला. इचारलंत, कशी हाईस. म्या म्हटलं, बरी हाय."

सिद्दीकचाचांनी तोंडावरून हात फिरवला. "अकरा वर्सं," ते शाहनवाजला म्हणाले. अमीरबी उठली, चहा ठेवते म्हणाली. शाहनवाजनं नको म्हटलं, तरी तिनं ठेवलाच. निघताना चाचा म्हणाले, "तिचंबी लिवून घे. तीनदा म्हणून लिव्ह."

फॉर्म पुरुषांसाठी होता. बाईच्या उत्तराला त्यात जागा नव्हती. शाहनवाजनं समासात बारीक अक्षरात लिहून ठेवलं.

दौंड ते चौफुला, चौफुला ते शिरूर. खिडकीशेजारी जागा मिळूनही त्या दिवशी त्याला झोप लागली नाही. प्रशिक्षणाच्या पहिल्या दिवशी सगळ्या सर्वेक्षकांकडून हाच फॉर्म भरून घेतला होता. सतराव्या वाक्याला त्यानं विचारही न करता असहमत लिहिलं होतं. आणि ते खरंच होतं. मारहाण त्यानं कधीच केली नव्हती.

घरी त्याची बायको तहमीना शिलाई मशीनवर बसली होती. शाळा सुरू व्हायच्या होत्या आणि गणवेशांच्या ढिगामागं ती अर्धी झाकली गेली होती. मुलगी सुफिया क्लासला गेलेली. शाहनवाजनं हातपाय धुतले, तिच्यासमोर स्टुलावर बसला.

"तहमीना, एक विचारू? मी तुझ्यावर हात किती वेळा उचलला?"

मशीनचं चाक थांबलं. "आज काय कुणी भेटलं का?"

"सांग ना."

"एकदा," ती म्हणाली.

त्याला हायसं वाटलं, आणि हायसं वाटल्याची लगेच लाजही वाटली. त्याच्याही हिशेबानं एकदाच होतं. नऊ वर्षांपूर्वी. त्याला कामावरून कमी केलं होतं आणि ते त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं. थोरला भाऊ घरी आला तेव्हा तहमीना बोलून गेली, 'ते सध्या घरीच असतात.' भाऊ गेल्यावर त्यानं तिला एक ठेवून दिली होती. संध्याकाळी माफीही मागितली होती.

"पण त्याला नऊ वर्षं झाली," तो म्हणाला. "त्यानंतर आपल्यात साधं भांडणसुद्धा झालं नाही. मी तर लोकांना सांगतो, आमच्या घरात आवाज चढत नाही."

"व्हय, ऐकलंय मी तुम्हाला सांगताना." तिनं सुईतला दोरा तोडला. "भांडण कसं होईल? त्या दिवसापासून मी तुम्हाला विरोधच केला न्हाई. तुम्ही म्हणाल ते बरोबर. सुफियाची शाळा बदलली, तेव्हा मला पटलं नव्हतं. वरची खोली भाड्यानं दिली, तेही न्हाई. मी म्हटलं, तुम्ही बघा."

"मला वाटायचं, तुला पटतंय."

"तुम्हाला बरं वाटायचं, मलाबी सोपं जायचं." तिनं पुढची कॉलर सुईखाली धरली. "वाईट वाटून घेऊ नका. जेवायला वाढू का? मला अजून बारा शर्ट संपवायचेत."

त्यानं स्वतः वाढून घेतलं. घास चावताना त्याला ती नऊ वर्षं एकामागून एक आठवत राहिली. इतकी शांत की तो त्यांना सुखाची समजत आला होता.

सोमवारी तो पुण्याला गेला. अनुपमा मॅडमनी फॉर्मच्या पाठीवरचं नवं वाक्य आणि अमीरबीबद्दल समासात लिहिलेलं दोनदा वाचलं.

"वाक्य असंच हवं," त्या म्हणाल्या. "पण बदल करायचा तर नैतिकता समितीची मंजुरी लागते. समिती महिन्यातून एकदा बसते. आणि शिरूरचं मुख्य सर्वेक्षण पुढच्या सोमवारी सुरू करायचंय, निधी देणाऱ्यांना तारीख कळवलीय."

"मग थांबूया ना, मॅडम."

"मी विचारलं. थांबता येत नाही." त्यांनी पाण्याची बाटली तोंडाला लावली, रिकामी होती. "शिरूर जुन्या वाक्यावर होऊ दे. दौंडपर्यंत मंजुरी आणते. तेवढं माझ्यावर सोडा."

त्यांनी शब्द पाळला. पण शिरूरचे सहाशे पुरुष मारहाणीच्या वाक्यावर होऊन गेले आणि मंजुरीचं पत्र आलं ते त्यानंतर चौथ्या दिवशी. दौंडच्या सहाशे जणांना टॅबवर नवं वाक्य दिसलं. शाहनवाजनं पाटसपासून केडगावपर्यंत ते दीडशे जणांना वाचून दाखवलं. कुणी हसलं, कुणी आजूबाजूला बघून आवाज खाली आणला, कुणी चिडलं. एकानं टॅब त्याच्या हातातून घेऊन पुन्हा स्वतः वाचलं आणि म्हणाला, "माझा बाप ह्येच म्हणायचा. ह्येच शब्द." पण बोलले सगळे.

डिसेंबरात अहवाल तयार झाला. तालुक्याच्या सभागृहात, शिरूरलाच, तो लोकांपुढं मांडायचं ठरलं. पडद्यावर दोन खांब दिसले. सतराव्या वाक्याशी सहमत पुरुष: शिरूर, शंभरात चार. दौंड, शंभरात चव्वेचाळीस.

सभागृहात टाळ्या वाजल्या. पहिल्या रांगेत सोसायटीचे चेअरमन म्हणून सर्जेराव बसले होते. ते उभे राहिले. "मॅडम, शिरूरकरांच्या वतीनं आभार. आन् दौंडकरांसाठी एखादं शिबिर घ्या म्हणावं!"

मोठा हशा झाला. अनुपमा मॅडमनी माइक ओढला. "दोन्हीकडची वाक्यं वेगळी होती, खाली टीप दिलीय, कृपया..." माइकनं शीळ घातली. मागून कुणीतरी चहा आल्याचं सांगितलं, आणि खुर्च्या सरकल्या. दुसऱ्या दिवशी पेपरात छोटी बातमी आली, तीही त्या दोन आकड्यांची. टीप बातमीत नव्हती.

चहाच्या टेबलापाशी शाहनवाज सर्जेरावांजवळ गेला. "मामा, दौंडला विचारलेलं वाक्य तुम्हाला वाचून दाखवू?"

"दाखव की."

त्यानं पाठ झालेलं वाक्य म्हटलं. सर्जेरावांचा कप बशीवर टेकला. ते इकडंतिकडं बघून हळू आवाजात म्हणाले, "हे तवा न्हाई इचारलं तुमी."

"नाही विचारलं. आता विचारतोय."

"आता कशाला? रिपोर्ट झाला न्हवं?" त्यांनी एक बिस्कीट उचललं आणि दुसऱ्या माणसाकडं वळले.

शाहनवाजला त्यांच्यामागं जायचा कंटाळा आला. अनुपमा मॅडम वायरी गुंडाळत होत्या. त्यानं त्यांना मदत केली. "आठ महिन्यांचं काम," त्या म्हणाल्या. "निबंध लिहीन तेव्हा टीप वर घेईन. नीट मांडेन." तो हो म्हणाला.

पुढच्या जूनमध्ये सुफियाची दहावी झाली. शाहनवाजनं तिला शिरूरच्या कॉलेजात सायन्सला घालायचं ठरवलं. फॉर्म आणला, भरला आणि तहमीनाला दाखवला. मशीनपाशी झालेल्या त्या बोलण्यानंतर तो प्रत्येक गोष्टीत तिला विचारत असे, आणि प्रत्येक वेळी ती सवयीनं 'तुम्ही बघा' म्हणत असे. विचारण्यानंही आता तो थकत चालला होता.

तिनं फॉर्म वाचला. "मला न्हाई पटत," ती म्हणाली.

"काय?"

"तिला पाबळला जायचंय. तिथं हातानं कामं शिकवतात, वेल्डिंग, वायरिंग, सगळं. मला सांगितलं तिनं. तुम्हाला सांगायला घाबरते."

"वेल्डिंग? मुलगी?" त्याचा आवाज चढला. आपण जे म्हणालो ते बाराशे पुरुषांना विचारलेल्या चोवीस वाक्यांतलं कुठलं आहे, हेही त्याला त्याच क्षणी कळलं, आणि तरी राग उतरला नाही. तहमीना जागची हलली नव्हती. पण तिनं मशीनवरची कात्री हळूच बाजूला सरकवली आणि दोन्ही हात मांडीवर घेतले.

ते पाहून तो बाहेर पायरीवर जाऊन बसला. बाजार समितीकडून कांद्याचे टेम्पो येत होते, एक गेला, दुसरा गेला. राग ओसरायला त्याला वाटलं होतं त्याहून बराच वेळ लागला.

मग तो आत आला आणि स्टूल ओढून बसला.

"का पटत नाही, ते नीट सांग," तो म्हणाला. "मला अजून पटलेलं नाही. पण सांग."

तहमीनानं क्षणभर त्याच्या तोंडाकडं बघितलं. मग सुफियाला हाक मारली, आणि तिघं बोलायला बसले. बोलणं गोड झालं नाही. जेवण निवलं, सुफिया एकदा रडली, आणि नऊ-दहा वर्षांत पहिल्यांदाच त्या घरातला आवाज शेजारच्यांच्या कानावर गेला.